निंदण

शके अठराशे सत्त्याण्णव, भाद्रपद शुद्ध तृतीया, हरतालिकेचा दिवस. इसवी सन एकोणीसशे पंच्याहत्तर. स्थळ अकोला, जुन्या भाजीबाजारातील पालेभाज्यांची ओळ. या दिवशी, या ठिकाणी, कचेरी सुटल्यावर घराकडे निघालेले शेतीखात्यातील साहाय्यक दौलतराव ग्यानबा इंगोले यांना एका पितळी मापातल्या लालसर तांदळांनी थांबवले. थांबवले, एवढेच म्हणणे रास्त होईल. धक्का बसला असे म्हणावे तर त्यांच्या हातातली पिशवी पडली नाही, की चेहऱ्यावर काही उमटले नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या दुर्गाबाई आघाड्याच्या काड्यांची जुडी काखेत धरून उभ्या होत्या आणि भाजीवालीशी वाद घालत होत्या. दौलतराव दिसताच त्यांना पंच सापडला. "बरे भेटलात. तुम्ही शेतीखात्यातले. ही पसईचे तांदूळ म्हणून काय पदरात घालते ते बघा बरं. उद्या गणपती, परवा ऋषिपंचमी. ऐन व्रताला फसगत नको." भाजीवाली डोळा न उचलता म्हणाली, "मी काय रंग देऊन आणली का बाई? तळ्याकाठची हाय. ना कोणी पेरली, ना कोणी निंदली. बैलाचा पाय लागला नाही तिले." दौलतरावांनी चार दाणे तळहातावर घेतले. बारीक, लांबट, गेरूत बुडवल्यासारखे दाणे. त्यांत एक तुटके कुसळ राहिले होते, ते अंगठ्यात रुतले. "खरी आहे," ते म्हणाले. दुर्गाबाईंनी लगेच माप भरून घेतले, आणि दौलतराव तिथेच उभे राहिले, कारण ज्या झाडाचा हा दाणा, त्याच झाडाचा हिरवा ढीग, मुळे वर करून, मागल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी आईच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, रचला होता.

खात्यात दौलतरावांचा विषय तण हा होता. तण काढण्याला वऱ्हाडात निंदण म्हणतात, आणि या शब्दावरून त्यांचा एकदा वरिष्ठांशी खटका उडाला होता. वरिष्ठ पुण्याकडचे. धानाच्या निंदणावर दौलतरावांनी लिहिलेले पत्रक वाचून ते हसले आणि म्हणाले, "निंदण काय? खुरपणी लिहा. निंदा माणसांची करतात, गवताची नव्हे." दौलतराव अदबीने, पण माघार न घेता म्हणाले की आमच्याकडच्या बाया दोन्ही एकाच वेळी करतात. सारी कचेरी हसली आणि शब्द टिकला. पत्रक निमकोरड्या धानाचे होते. वऱ्हाड हा ज्वारीकापसाचा मुलूख; धान पिकते ते लवणातल्या वावरात, जिथे उतारावरचे पाणी येऊन थबकते. तिथे रोपे लावून चिखलणी करण्याइतके पाणी सुरुवातीला नसते. म्हणून मृगात कोरड्या मातीतच तिफणीने धान पेरायचे, महिना-दीड महिना ते ज्वारीसारखे पावसावर वाढू द्यायचे, आणि श्रावणात बांध घालून वावरात पाणी कोंडायचे. या पद्धतीत बियाणे वाचते, वेळ वाचतो, पण तो पहिला दीड महिना गवताचा असतो. उभे पाणी नसल्यामुळे गवताला दाबणारे काही नसते. सावा उगवतो, तो कोवळेपणी अगदी धानासारखा. पण पान खोडाला मिळते तिथे धानाला नखाएवढा पांढरा पापुद्रा असतो, साव्याला नसतो. बाई वाकली, दोन बोटांनी पान मागे ओढले, की निवाडा होतो. पसईचा निवाडा मात्र असा होत नाही. ती धानाची सख्खी बहीण. तिला पापुद्रा आहे, तेच पान आहे, तीच उंची. निसवल्यावर तिची लांब तांबूस कुसळे दिसतात तेव्हा ओळख पटते. तोवर निंदणाची वेळ गेलेली असते, आणि धान कापायच्या आत तिचे दाणे मातीत झडलेले असतात. या तणाचे निर्मूलन एका हंगामात होत नाही, असे पत्रकात एक वाक्य होते. ते वाक्य लिहिताना दौलतरावांना आईचे वावर दिसत होते.

उपाय त्यांनीच शोधला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. रायपूरकडे जांभळ्या पानांचे धान असते. ते एक-दोन वर्षे पेरावे. मग वावरात जे हिरवे दिसेल ते परके, ते निःशंक उपटावे. दौलतरावांनी खटपट करून तसले बियाणे मिळवले आणि उन्हाळ्यात गावी, अनसिंगला, आईला नेऊन दिले. भागिरथाबाईंनी ते मुठीत घेऊन पाहिले, बियाण्यात वेगळे काही दिसले नाही. आषाढात दौलतराव गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाह्य रे तुह्यं धान. वांग्यावानी दिसून राह्यलं. बाया इचारतात, भरीत करतं का खिचडी." विनोद करून त्या बाजूला झाल्या, आणि त्या बाजूला होण्यात काही होते, हे आज भाजीबाजारात उभे असताना दौलतरावांच्या ध्यानात आले. माणसाचे मन मोठे विलक्षण साक्षीदार आहे. ते पाहते सर्व, परंतु साक्ष द्यायला आपल्या सोयीने येते. "तुमाले बी पायजे का साहेब?" भाजीवालीने विचारले. "द्या," दौलतराव म्हणाले, आणि एक पुडी बांधून घेतली. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरी व्रत नाही, वैकल्य नाही. एकोणीसशे छप्पनच्या दसऱ्याला नागपूरहून परतल्यावर बापाने देव्हाऱ्यातले सारे टाक नाल्याच्या डोहात सोडले, त्या दिवसापासून त्यांच्या घरात उपासाचा दाणा शिजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गणपतीची सुटी होती, आणखी एका दिवसाची रजा टाकून दौलतराव वाशीमच्या एसटीत बसले. पातूरचा घाट चढताना पुडी मांडीवर होती आणि मन घाटाच्या उलट दिशेने उतरत होते. लवणातले ते वावर वतनाचे. चांगली जमीन वतनात कोण देतो. गावाने आपल्याला नको असलेला, पाय रुतणारा तुकडा महारांना दिला आणि ग्यानबाने त्यात धान पेरून दाखवले. त्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात बाभळीजवळ पसई उगवे. ग्यानबा तिला शिव्या देई, भागिरथा ऐकून घेई. लहानग्या दौलतला आठवत होती ती पंचमीची सकाळ. आई आंघोळ करून, ओल्या केसांनी, सुपात लाल तांदूळ घेऊन धुऱ्यावर जायची. सूप धुऱ्यावर जमिनीला टेकवायची आणि बाभळीपर्यंत मागे सरायची. मग पलीकडच्या वावराचे मालक गोविंदसिंग यांची बायको रुपाबाई यायची, वाकून सूप उचलायची आणि निघून जायची. हातातून हातात काहीच जात नसे. आईचा हात आणि रुपाबाईचा हात यांच्यामध्ये नेहमी जमीन असे. पुढे दौलत शिकला, अमरावतीच्या वसतिगृहात राहिला, सभांना गेला, आणि ती जमीन म्हणजे काय हे त्याला समजले. समजले तेव्हा राग आला, आणि तो राग आईवर निघाला, कारण दुसरे कोणी समोर नव्हते. "बायकांचा इटाळ धुवून काढाचं व्रत आहे ते," तो तिला म्हणाला होता. "अन् ज्या व्रतात बाईचाच इटाळ, त्या व्रताले तू दाणे पुरवतं, अन् ते बी भुईवर ठेवून. आपण कायले सोडलं मंग सारं?" आई भाकर थापत होती. तिने भाकर उलटली आणि म्हणाली, "तिचं व्रत हाय. माह्यं नाही." बाप मात्र ओसरीतून म्हणाला, "तुह्या मायनं देव बुडू देले, अन् गवत ठेवून घेतलं." हे वाक्य दौलतरावांनी पुष्कळ वर्षे मित्रांत विनोद म्हणून सांगितले होते. आज एसटीच्या खिडकीशी त्यांना प्रथमच शंका आली, की बाप ते विनोदाने बोलला नसावा. कौतुकानेही बोलला असेल.

मालेगाव गेले. वाऱ्यावर सोयीस्कर अशी एक झोप आली आणि गैरसोयीची जाग आली, आणि जागेबरोबर श्रावणातला तो दिवस आला. आई मानोऱ्याला लेकीकडे गेली होती. दौलतराव चार दिवसांच्या रजेवर गावी आलेले. पाणी कोंडायच्या आधीचे शेवटचे निंदण उरले होते. त्यांनी शर्ट काढला, लुंगी वर खोचली आणि स्वतः वावरात उतरले. उपाय फळाला आला होता. जांभळ्या रांगांत मधेच एखादे हिरवे झाड उभे दिसे, दिसताच उपटता येई. त्यांना वाटले, पहिल्यांदाच या वावरात मला वाचता येऊ लागले. असे वाचत वाचत ते खालच्या कोपऱ्याशी आले, आणि जांभळे संपले. अर्ध्यात संपले. धुरा अजून दूर होता, आणि रांगा मधेच थांबून वळल्या होत्या, जशा बैल वळल्यावर वळतात. त्यापुढे बाभळीपर्यंत सलग हिरवे. आजवर हिरव्यात हिरवे मिसळलेले असे, म्हणून ती सीमा कुणाला दिसली नव्हती. यंदा ती जांभळ्या लुगड्याला हिरवा काठ लावल्यासारखी लख्ख दिसत होती. दौलतराव त्या काठाशी उभे राहिले होते. त्यांनी स्वतःला सांगितले की बैल चिखलात जायला कचरले असतील. तिफणकऱ्याने आळस केला असेल. बियाणे कमी पडले असेल. तिन्ही कारणे पटण्याजोगी होती आणि तिन्हींपैकी एकही त्यांना पटले नव्हते. लुगड्याला काठ चुकून पडत नाही. तो विणावा लागतो, आणि हा आईने विणला होता. हे त्यांना तेव्हाच कळले होते. कळले होते, आणि तरीही ते वाकले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तो काठ उसवून काढला. शेवटी हात इतक्या वेगाने चालत होते की त्या वेगाला निंदण म्हणता येणार नाही. ते कुणाशी तरी भांडत होते. समोर पुन्हा दुसरे कोणी नव्हते.

आई परत आली तेव्हा त्यांनी तिला वावर दाखवले. ती धुऱ्यावरच्या वाळलेल्या ढिगाशी क्षणभर थांबली, पायाने एक झाड सरळ केले, आणि म्हणाली, "हात दुखले असतील तुह्ये." घरी येऊन तिने पाणी तापवले, त्यात मीठ टाकले आणि त्यांचे हात घमेल्यात धरून बसली, लहानपणी काटा काढताना बसायची तशी. त्यांना ती शाबासकी वाटली. एसटी आता वाशीमच्या नाक्यावर थांबली होती, माणसे गणपतीची मूर्ती डोक्यावर सांभाळत उतरत होती, आणि दौलतराव आपल्या तळहातांकडे पाहत होते. मिठाच्या पाण्याची ऊब अजून त्यांत होती. तिचा अर्थ तेवढा बदलला होता. आणि मग एक विचार आला, जो त्यांच्यातल्या कृषिपदवीधराला साजेसा होता: नुकसान भरून काढता येईल. कुठून तरी सालासकट पसई मिळवावी, पुढल्या मृगात गुपचूप त्या कोपऱ्यात फेकावी. अनसिंगची गाडी येईपर्यंत त्यांनी हा बेत सर्व बाजूंनी तपासला, आणि शेवटी त्याच्या तळाशी जे सापडले त्याने ते हताश झाले. पसई पेरली की ती पसई राहत नाही. व्रताला चालते ती न पेरलेली म्हणून; ज्या क्षणी कुणाची मूठ उघडली त्या क्षणी ते साधे धान, तेही कमअस्सल. उपटायला माणसाचा हात पुरे झाला होता. परत आणायला माणसाचा हातच आड येत होता. शास्त्रात अशा कोंडीला काय नाव आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

भागिरथाबाई दारातच बसून चिवळ निवडत होत्या. मुलगा बिनखबर आलेला पाहून त्या उठल्या, पण घाबरल्या नाहीत. "सूनबाई बरी हाय ना?" "बरी आहे." "मंग काहून आला?" "पंचमीले आलो." भागिरथाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "आपल्यात कवापासून पंचमी करून राह्यले?" दौलतरावांनी पुडी सोडली आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी एक दाणा उचलला, दाताखाली धरला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. "इकत आणली?" "हो." "अकोल्याहून?" "हो." "अरे बाप्पा, बैलाच्या कष्टाची चालत नाही रुपाबाईले." दौलतराव म्हणाले, आणि आपण वाद घालतो आहोत हे त्यांना बोलता बोलता कळले, "एसटीतून आणली. एसटीले बैल लागत नाही." "हे बी खरंच हाय," भागिरथाबाई म्हणाल्या, "पण बाजारात कशानं आली, ते इचारलं का?" ते त्यांनी विचारले नव्हते. आई हसून डोळे पुसू लागली, आणि तेवढ्या पुसण्याच्या आडोशाने दौलतरावांनी मुख्य प्रश्न पुढे सरकवला. "माय, यंदाच्याले आहे का तुह्यापाशी?" "हाय. मागच्या सालची गाडग्यात हाय. उद्याचं भागते." "अन् पुढच्या साली?" त्यांनी पुन्हा चिवळीची जुडी हातात घेतली. पिवळी पाने एका बाजूला पडत राहिली. "पुढच्या सालचं पुढच्या साली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ते विचारले, जे वसतिगृहातून परतलेल्या मुलाला विचारता आले नव्हते, कारण त्याला उत्तर आधीच माहीत होते. "तू भुईवर काहून ठेवतं सूप?" भागिरथाबाईंनी हातातली काडी मोडली. त्या बोलल्या तेव्हा आवाज साधा होता, कुणी बाजारभाव विचारल्यावर सांगावा तसा. "पयले इटाळ होता म्हणूनच ठेवत होतो. दुसरं काय असन? तिची सासू धुऱ्यावर पाह्यत उभी राहे. मंग सासू मेली, तं नेम झाला होता. मंग गोविंदसिंग गेला, भावकीनं वावरं वाटून घेतले, अन् तिच्या नशिबी निंदाले येणं आलं. माह्या बाजूची पात तिची. पयल्या दिवशी तिले काही येईना. मी माह्या पातीतून तिच्या पातीत हात घालो, मुकरदमाले दिसू न देता. दोपारी एका झाडाखाली भाकर. तिच्या हातचा ठेचा मी खाल्ला, माह्या गाडग्यातलं पाणी तिनं पेलं. आता इटाळ कुठचा राह्यला? पण पंचमीले सूप भुईवरच. मी म्हटलं, घे ना व हातात. तं म्हणे, नाही, हातात देलं तं दान होते. भुईवर भेटलं तं भेटलं." त्या थांबल्या आणि पुन्हा त्यांचे खांदे किंचित हलले. "मंग तो आमचा दोघीचा खेळ झाला. म्हाताऱ्या झालो, खेळाले दुसरं काय हाय?" दौलतरावांच्या रागाला आधार होता, हे आईने पहिल्याच वाक्यात मान्य केले होते. तो आधार तिने काढून घेतला नाही. फक्त त्याच्यावर नंतरच्या वर्षांत काय काय उगवले ते सांगितले. जे पेरले गेले होते ते विषच होते, यात शंका नाही. पण त्या जमिनीत न पेरलेलेही काही येत राहिले, आणि ते आईने निंदले नाही.

सकाळी पाऊस नव्हता. लवणावर धूसर पांढुरके धुके पसरले होते आणि कोंडलेल्या पाण्यात जांभळे धान पोटरीला येऊन उभे होते. अशा प्रकाशात ते काळेच दिसत होते. भागिरथाबाई सूप घेऊन पुढे, दौलतराव मागे. खालच्या कोपऱ्यात काठ नव्हता. जांभळे जिथे वळले होते तिथून बाभळीपर्यंत नुसते पाणी, आणि त्यात आभाळ. दौलतरावांच्या कचेरीच्या भाषेत हे आदर्श निंदण होते. भागिरथाबाईंनी धुऱ्यावर सूप टेकवले आणि बाभळीपाशी जाऊन पाठ फिरवून उभ्या राहिल्या. नाल्याकडून रुपाबाई आली. उंच, वाकत चाललेली, आघाड्याच्या काडीने दात घासून ओठ हिरवे झालेली. सुपाशी येऊन ती थबकली. "कोनाचं सूप पडलं व इथं?" ती मोठ्याने म्हणाली. "मले काय मालूम," बाभळीकडे तोंड करून भागिरथाबाई म्हणाल्या, "वारा सोडून गेला असन." "वाऱ्यानं कांडून पाखडून बी ठेवलं वाटते." "गुणाचा हाय वारा." "तुह्या ग्यानबापेक्षा तं गुणाचाच." "ग्यानबाचं नाव काढशीन तं सूप उचलून नेईन." "उचल मंग. भुईवर पडलं ते कोनाचं नसते." रुपाबाईने सूप उचलून कमरेवर घेतले, आणि दोघी हसल्या, खोकल्यासारख्या, जुन्या हसण्याने. दौलतराव इतकी वर्षे हा प्रसंग आवाजाशिवाय आठवत होते. मुलाला त्या काळी घराच्या दारातून दिसे. ऐकू येत नसे. की त्या काळी आवाजच नव्हता आणि तो नंतर आला, हे ठरवायला आता काही साधन नव्हते.

ते पाण्यात उतरले आणि धुऱ्यापाशी आले. या बाईला त्यांनी आजवर कोणत्याही नात्याने हाक मारली नव्हती. लहानपणी मारायची नव्हती आणि मोठेपणी मारायची इच्छा नव्हती. "मावशी," ते म्हणाले. रुपाबाईने मान वळवली. "तो कोपरा मी उपटला." "पाह्यलं मी," ती म्हणाली. "तवाच पाह्यलं. ढीग पडला होता." "मले वाटलं..." त्यांनी सुरुवात केली. तिफणकऱ्याचा आळस, बैलांचे कचरणे, सारी कारणे ओळीने उभी होती. त्यातले कुठलेही पुढे आले नाही. "काय वाटलं?" "मले माहीत होतं," दौलतराव म्हणाले. "पुरं नव्हतं. पण होतं." बाभळीपाशी आईने पाठ फिरवलेलीच ठेवली होती. दौलतरावांनी हात पाण्यात घातला, तळाची मूठभर काळी माती वर आणली आणि तळहातावर पसरली. पाणी बोटांतून गळून गेले तसे तिच्यात दोन-तीन काळपट, बारीक, कुसळ झडलेले दाणे दिसले. ते दाखवताना त्यांना आपल्याच पत्रकातले वाक्य आठवले आणि प्रथमच ते धीराचे वाटले. "याचं बी एका साली सारं उगवत नाही," ते म्हणाले. "काही झोपून राह्यते. दोन साल, चार साल. कितीही उपटा, पुरं जात नाही. यंदा जांभळं पेरलं म्हणून दिसलं. पुढच्या साली बी जांभळंच पेरू, म्हणजे जे हिरवं निघन ते ओळखू येईन, त्याले हात लावाचा नाही. अन् पुरलं नाही तं मी कुठून तरी..." इथे ते अडले, कारण एसटीतली कोंडी पुन्हा समोर आली होती. त्यांनी आईकडे पाहिले. तिने आता तोंड इकडे वळवले होते, आणि ती त्यांच्या हातांकडे पाहत होती.

रुपाबाईने कमरेवरचे सूप सावरले. तिने त्यांच्या तळहातावरची माती पाहिली, मोकळ्या हाताने त्यांचे मनगट धरले, आणि हळूच उलटे केले. माती पाण्यात पडली, दाणे तिच्याबरोबर गेले, गढूळ वलय उठले आणि खाली बसू लागले. "निंदू नको आता," ती म्हणाली. "अन् पेरू बी नको."